मोटर देवळावर थांबते

नावेला लावायची मोटर आमच्या घरी काळीपिवळीच्या टपावरून आली, दोन गोधड्यांत गुंडाळून, आणि तिच्या शेजारी टपावरच माझा मामा बसून आला. गाडीत जागा नव्हती असं नाही. पण मामा जवाहरनगरच्या फॅक्टरीत कामाला होता, आणि जगातलं कुठलंही यंत्र आपल्या नजरेआड गेलं की बिघडतं अशी त्याची पक्की समजूत होती. शहापूरला हायवे सोडल्यापासून रस्त्यावरच्या चिंचांनी त्याला वाटभर झोडपलं होतं. उतरला तेव्हा त्याच्या डोक्यात चिंचेचा पाला होता, कानामागे एक आकडा अडकला होता आणि चेहऱ्यावर मात्र नवरी घेऊन आल्याचं समाधान होतं. मोटर आम्ही अंगणातल्या खाटेवर ठेवली. बाया बघायला आल्या. कोणी म्हणाली, काळी आहे. कोणी म्हणाली, नाकीडोळी नीटस आहे. गंगाबाई आजीनं तिच्या पंख्याची तिन्ही पाती बोटांनी चाचपली आणि विचारलं, "पाय एवढेसेच काय वं हिचे?"

हे सगळं नव्या पिंपळघाटात. जुनं पिंपळघाट तेव्हा पाण्याखाली गेलेलं होतं. खाली दूर वैनगंगेवर धरण झालं, पाणी मागे मागे सरकत आमच्या गावात शिरलं, आणि आम्हाला वर माळावर एकसारख्या घरांच्या रांगांत नेऊन बसवलं. या घरांचे पत्रे दुपारी तापले की तडतडायचे. सुरुवातीला प्रत्येक तडतडीला माय "कोण आहे?" म्हणून बाहेर डोकवायची. लोकांनी जुन्या घरांची दारं, कौलं, छपराच्या लाकडी मयाली उतरवून आणल्या होत्या. पाण्याखाली राहिल्या त्या भिंती, ओटे, विहिरी, शाळा आणि गावाच्या शिवेवरचं मातामायचं देऊळ. मूर्ती वर आणली होती. देऊळ कोण उचलून आणणार? पाण्याच्या पलीकडे काही शेतं शिल्लक होती, बाजार होता, दवाखाना होता, आणि मधला रस्ता बुडालेला. म्हणून माझ्या बाबांची नाव. बाबांचं नाव सोमाजी. त्यांचा बाप नदीवर नाव चालवायचा तेव्हा नदी अरुंद होती; बाबांच्या वाट्याला ती एवढी रुंद होऊन आली.

आता आमच्या नावेची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं काही समजायचं नाही. किनाऱ्यावरून निघालं की पहिल्यांदा वाळलेला पिंपळ लागायचा. पान नाही, साल नाही, नुसत्या पांढऱ्या फांद्या पाण्याबाहेर आणि त्यांच्यावर पंख पसरून बसलेले पाणकावळे. त्या पिंपळाखाली देऊळ. तिथं आलं की बाबा वल्हं आत घ्यायचे आणि लांब बांबू पाण्यात सोडायचे. पहिली टिचकी देवळाच्या कळसाला. टक्. तेवढा आवाज नावेतल्या सगळ्यांच्या पायांतून वर चढायचा. मग बांबूनं चाचपत चाचपत नाव गावावरून जायची, आणि हाताला बसणाऱ्या धक्क्यावरून खाली काय आहे ते ओळखून बाबा एसटीच्या कंडक्टरच्या सुरात सांगत जायचे. "शाळा. चावडी. गंगाबाईचं घर. कवडूच्या बापाचं घर." ज्याचं घर आलं तो पाण्याला हात लावून कपाळाला लावायचा. नवीन माणूस नावेत असला की त्याच्या अंगावर काटा यायचा. मी त्याच्याकडे बघत बसायची. तेव्हा माझी ती सर्वांत मोठी करमणूक होती, आणि खरं सांगायचं तर अजूनही आहे. सगळ्यांत शेवटी आमचं घर. "सोमाजीचं घर," असं बाबा स्वतःचं नाव परक्याचं घ्यावं तसं घ्यायचे. माय नावेत असली की ती त्या वेळी डोक्यावर पदर घ्यायची, उंबरा ओलांडताना घ्यावा तसा.

मोटरी दोन आल्या होत्या, मासेमारांच्या सोसायटीकडून. एक आम्हाला, एक खालच्या घाटावरच्या कवडूला. कवडू बाबांच्या बरोबरीचा, एकाच शाळेत एकाच बाकावर बसून दोघंही एकाच वर्गात नापास झालेले, त्यामुळे त्यांच्यात आयुष्यभराची चुरस होती. पंचायतीनं सांगून टाकलं होतं की पावसाळ्यापासून एकच घाट चालेल; ज्याची नाव नेमानं पोचवेल त्याचा. बाकी आमच्याकडे काही उरलं नव्हतं. वावर बुडालं होतं. घाट गेला असता तर बाबांना मामाच्या ओळखीनं जवाहरनगरला कुठल्यातरी कँटीनमध्ये भांडी घासायला जावं लागलं असतं. मामा हे फार प्रेमानं सांगायचा. "भाऊजी, तिथं पंख्याखाली बसून काम आहे." बाबा तो विषय निघाला की उठून नावेला डांबर लावायला जायचे. लावलेलं असलं तरी.

बाबांचं आणि मोटरीचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. ते तिच्याभोवती फिरले, वाकून वास घेतला, बोटांच्या पेरांनी तिच्या डोक्यावर टकटक केली आणि म्हणाले, "पोकळ आहे."

"पोकळ नाही भाऊजी, आत इंजन आहे," मामा म्हणाला.

"हे पाण्यात राहते का पाण्याबाहेर?"

"अर्धी आत, अर्धी बाहेर."

"म्हणजे मगरीसारखी," बाबा म्हणाले आणि पुढे काही विचारलं नाही.

मामानं ठरवलं की नावेवर लावायच्या आधी तिला घरीच चालवून बघायची. परसात पाण्यानं भरलेला ड्रम होता. त्याच्या काठाला मोटर शिकंज्यानं कसली. आळी गोळा झाली. मामानं पेट्रोलमध्ये तेल मिसळताना असा चेहरा केला होता की जणू तो कोणाला डोळ्यांत औषध घालतो आहे. मग दोरी ओढली. मोटर खोकली. पुन्हा ओढली. खोकली. मामाचा शर्ट पाठीला चिकटला तेव्हा बाबा पुढे आले. बाबांच्या दंडांकडे बघून आम्हाला वाटलं, आता दोरीच हातात येणार. पण बाबा बांबूवाले. त्यांचा जोर सावकाश दाबण्याचा होता, झटक्याचा नव्हता. मोटर खोकलीसुद्धा नाही. तेवढ्यात माय झिंगे भाजले का ते बघून चुलीपासून उठली, हात पदराला पुसले, म्हणाली, "सरका बाजूले," आणि विहिरीतून शेवटची बादली काढावी तशी दोरी खांद्यापर्यंत खसकन ओढली. मोटर भडकली. पंखा फिरला आणि ड्रममधलं सगळं पाणी उठून आळीच्या अंगावर गेलं. मामा जमिनीवर बसलेला, गंगाबाई आजी निथळत असलेली, कोंबड्या छपरावर, आणि रिकाम्या ड्रममध्ये ती मोटर केकाटत होती. माय दचकलीसुद्धा नाही. तिनं वाकून लाल बटण दाबलं. शांतता झाली. "एवढंच आहे का?" ती म्हणाली आणि वांगी चिरायला गेली.

त्या दिवशी झिंगे-वांग्याची भाजी आणि भात होता. मी हे लिहिते आहे आणि तोंडाला पाणी सुटतंय. सुकलेले झिंगे मातीच्या तव्यावर भाजले की घरभर जो वास पसरतो त्याला पेट्रोलचा वास मिसळला होता, आणि मला अजूनही पेट्रोलपंपावर उभं राहिलं की भूक लागते. बाबांनी तेव्हा जेवताना एकच वाक्य उच्चारलं. "मोटर वंदूची माय चालवन. मी पुढं उभा राहीन." वंदू म्हणजे मी.

पहिली खेप निघाली ती पाहायला दोन्ही घाटांवरची माणसं आली. माय मागे, एक हात दांड्यावर, पदर वाऱ्यानं उडू नये म्हणून कमरेला. बाबा पुढे, बांबू नावेत आडवा ठेवलेला. मी मधे. काय सांगू तो वेग. पाणी चिरल्यासारखं दोन बाजूंना झालं, पिंपळावरचे पाणकावळे एकदम उडाले आणि झाड क्षणात नागडं झालं. त्या झाडाला मी कधी पक्ष्यांशिवाय पाहिलंच नव्हतं. त्याच्या फांद्या बोटांसारख्या होत्या, आणि त्या सगळ्या खाली वळलेल्या. मग आवाज. आमच्या मोटरीचा आवाज पलीकडच्या टेकडीवर जाऊन परत येत होता, थोडा उशिरा, थोडा घोगरा, आणि तो आमच्या मागून यायचा. मागून दुसरी नाव येते आहे असं वाटायचं. नावेतलं प्रत्येक माणूस मागे वळून बघत होतं. मागे फक्त आमची पाण्यावरची रेघ, आणि त्या रेघेवर तेलाचे रंग. "कोण येऊन राहिलं मागून?" गंगाबाई आजीनं विचारलं. कोणीच नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "नाही कसं? आवाज तं आहे."

आणि हे चालू असतानाच गाव निघून गेलं. बाबांनी बांबू उचलायला वाकेपर्यंत शाळा मागे पडली होती. त्यांनी तोंड उघडलं तेव्हा आम्ही कोणाच्या घरावर होतो ते त्यांनाही माहीत नव्हतं. गंगाबाई आजी पाण्यात हात घालायला वाकली आणि पाण्यानं तिच्या हाताला चापट मारली. पलीकडच्या किनाऱ्यावर उतरताना ती पुन्हा पुन्हा सांगत होती, "माझं घर राहिलं ना बापा. माझं घर मागेच राहिलं." लोक हसले. बाबा हसले नाहीत.

काही दिवस मोटर भलतीच गुणाची निघाली. बाजाराला जाणाऱ्या बाया खूश, दवाखान्यात जाणारे खूश. मग एकदा भर सकाळी, पिंपळाजवळ, बरोबर देवळावर, ती थांबली. खोकली नाही, गचके दिले नाहीत. नुसती थांबली. नाव आपल्या जोरानं थोडी पुढे सरकली आणि स्थिर झाली. टेकडीवरून येणारा मागचा आवाज एक श्वासभर चालू राहिला आणि मग तोही थांबला. त्या शांततेत पाण्याखालून बुडबुड्यांची एक माळ वर आली आणि आमच्यासमोर फुटली. गाळातून असे बुडबुडे येत असतात, हे त्या नावेतल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी बायांनी पाय वर ओढून घेतले. बाबा धावत मागे आले, प्लग काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, लावला. मायनं दोरी ओढली. पहिल्या झटक्यात चालू.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिथंच. एक दिवस सोडून पुन्हा, तिथंच. मामानं भंडाऱ्याहून मिस्त्री पाठवला. त्यानं मोटर खोलली, फुंकली, बसवली, पाण्यात दूरवर चार फेऱ्या मारल्या, मोटर कोकरासारखी पळाली. मग माय दांड्यावर बसली आणि आम्ही त्याला घेऊन देवळावरून गेलो. थांबली. मिस्त्री खाली पाण्याकडे बघून म्हणाला, "खाली काय आहे?" कोणीतरी सांगितलं. त्यानं किनाऱ्यावर उतरल्यावर चहासुद्धा घेतला नाही.

मग काय, गाव ते गाव. कोणी म्हणालं मातामायला टिचकी मिळत नाही म्हणून ती नाव धरते. कोणी म्हणालं मागून जी नाव येते ती जुन्या गावची आहे, तिच्यात गाव सोडायला तयार नसलेली सगळी मेलेली माणसं बसलेली असतात, आणि आपण थांबलो की ती जवळ येते. हे शेवटचं मीच एका पाहुणीला रंगवून सांगितलं होतं. ते गावभर फिरून चार दिवसांनी माझ्याकडे आलं तेव्हा माझीच बोबडी वळली. लोक कवडूच्या घाटावर जाऊ लागले. तो लांबून वळसा घालून, गाव टाळून जायचा. बाजारात बाबा दिसले की हाक मारायचा, "का गा सोमाजी, तुझी मोटर दर्शनाले थांबते म्हणते. नारळ तरी फोडू दे तिच्या हातानं."

आमची नाव किनाऱ्याला बांधलेली राहू लागली. घरात बाबा बोलेनासे झाले. संध्याकाळी लाखोळीची डाळ आणि भात त्यांच्यासमोर ठेवला की ते भाताचा डोंगर करायचे, मग तो मोडायचे, मग पुन्हा करायचे. पत्रे तडतडले की तेही आता "कोण आहे?" म्हणू लागले होते. माय त्यांच्याकडे बघायची, काहीतरी म्हणायला तोंड उघडायची आणि पदराचं टोक तोंडात धरून चुलीकडे वळायची. मला तेव्हा वाटायचं, तिलाही भीती वाटते. त्यातच मामी बाळंत झाली आणि मायला जवाहरनगरला जावं लागलं. जाताना तिनं दोरी ओढायची मला शिकवली. "खांद्यातून ओढ वं. मनगटातून नाही."

माय गेल्यावर बाबांनी पंचायतीत जाऊन सांगितलं की बाजाराच्या दिवशी दुपारी, सरपंचांना आणि ज्याला यायचं त्याला नावेत बसवून, देवळावरून, पूर्ण वेगानं, न थांबता मी पलीकडे नेऊन दाखवतो. थांबली तर घाट कवडूचा. हे त्यांनी रागानं सांगितलं, आणि रागानं माणूस हलका होतो तसे त्या दिवशी ते घरी आल्यावर पोटभर जेवले.

दुपार अशी होती की पाण्याकडे बघवत नव्हतं. वारा नाही. नावेत सरपंच छत्री घेऊन बसले होते. मामा मुद्दाम रजा टाकून आला होता. मोटरीवरून त्याची नजर हलत नव्हती. गंगाबाई आजी कोणाचं न ऐकता येऊन बसली होती. आणि कवडू, स्वच्छ पांढरी टोपी घालून. "दर्शनाले आलो," तो म्हणाला. मी दोरी ओढली, खांद्यातून. चालू झाली. किनारा थोडा लांबला होता, पाणी उतरलेलं दिसत होतं. खालच्या शेतांसाठी धरणातून पाणी सोडलं होतं हे आम्हाला ऐकून माहीत होतं. बाबांना तर सगळ्यांच्या आधी माहीत होतं. पण आता हे नीट ऐका. पूर्वी ते रोज बांबूनं कळसाला टिचकी मारायचे, त्यामुळे कळसावर आज किती पाणी आहे ते त्यांच्या तळहाताला माहीत असायचं. मोटर आली तसा बांबू नावेत आडवा पडला होता. त्यांच्या हातात अजून हिवाळ्याचं पाणी होतं. एक अख्खा माणूस उभा बुडेल एवढं.

पिंपळ जवळ आला. पाणकावळे या वेळी उडाले नाहीत. पंख पसरून, माना वळवून ते आमच्याकडे बघत राहिले. मागचा तो आवाज आलाच. सरपंच छत्रीसकट मागे वळले. "नाद आहे टेकडीचा," मामा मोठ्यानं म्हणाला, आणि तोही मागे वळला. माझा उजवा हात दांड्यावर होता, डाव्या हातानं मी फळी धरली होती. लाल बटण मोटरीच्या अंगावर, दांड्यापासून वीतभर लांब. हे मी आजवर शेकडो लोकांना शपथेवर सांगितलं आहे आणि इथं पुन्हा सांगते. मोटर थांबली.

तीच शांतता. कवडू हसायला म्हणून तोंड उघडत होता. नाव आपल्या जोरानं सरकत होती, सावकाश, आणखी सावकाश, आणि मग खालून, आमच्या पायांखालून आवाज आला.

टक्.

कवडूचं तोंड उघडंच राहिलं. बांबू नावेत आडवा पडलेला सगळ्यांना दिसत होता. कोणाचा हात त्याला लागलेला नव्हता. मग पुन्हा, जरा ओढून, फळीवरून नख फिरवावं तसा आवाज. गंगाबाई आजीनं हात जोडले आणि म्हणाली, "आली वं मातामाय. येतच होती मी." माझ्या मानेवरचे केस उभे राहिले ते मला मोजता आले असते. सरपंचांनी छत्री मिटली. का मिटली ते त्यांनाच माहीत.

बाबा मात्र बदलले. ते प्लगकडे आले नाहीत. ते वाकले, त्यांनी बांबू उचलला आणि नावेच्या बाजूनं पाण्यात सोडला. बांबू हातभरसुद्धा गेला नाही. थांबला. बाबांनी तो काढला, पुन्हा सोडला. मग तसेच गुडघ्यावर बसून त्यांनी हात पाण्यात घातला, कोपरापर्यंत, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. "कळसाची सळई आहे," ते म्हणाले. "त्रिशूळ. इथं, हाताखाली." देवळाच्या कळसावर लोखंडी त्रिशूळ होता. पाणी एवढं उतरलं होतं की त्याची टोकं पाण्याच्या कातडीखाली वाट बघत होती. पूर्ण वेगानं त्याच्यावरून गेलो असतो तर त्यानं नावेचं पोट माशासारखं चिरलं असतं, आणि गंगाबाई आजीला पोहता येत नव्हतं, सरपंचांना येत नव्हतं, मामाला तर तो कबूल करत नसला तरी येत नव्हतं.

कोणी काही विचारायच्या आत बाबा उभे राहिले. त्यांनी बांबूच्या टोकानं त्रिशूळाला हळूच टिचकी मारली. टक्. आणि गळा साफ करून म्हणाले, "मातामायचं देऊळ." मग बांबू रेटून नाव वळवली आणि कितीतरी दिवसांनी तो कंडक्टरचा सूर लागला. "शाळा. चावडी. गंगाबाईचं घर." आजीनं हात पाण्यात घातला, पाण्यानं तिला चापट मारली नाही. "कवडूच्या बापाचं घर," बाबा म्हणाले, आणि आवाजात टोमणा नव्हता. कवडूनं टोपी काढली. त्याच्या बापाला जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि स्वतःच्या मोटरीच्या वळशामुळे तो त्या घरावरून कधी गेलाच नव्हता. "सोमाजी," तो म्हणाला, "जरा थांबवशीन का गा?" बाबांनी बांबू रोवला. नाव थांबली. कोणीही घाई केली नाही. सगळ्यांत शेवटी "सोमाजीचं घर" आलं, आणि माय नव्हती म्हणून, कोणी बघत नाही असं बघून, मी ओढणी डोक्यावर घेतली.

गाव संपल्यावर बाबांनी मला खूण केली. मी दोरी ओढली. पहिल्या झटक्यात चालू. मामानं ती मोटर नंतर घरी नेऊन पुन्हा खोलली, त्याच्या फॅक्टरीतल्या दोघांना दाखवली. काही सापडलं नाही. तो आजही लग्नाकार्यात भेटला की म्हणतो, "कचरा असन पेट्रोलमधी," आणि मग स्वतःच मान हलवतो.

थांबली होती तरी घाट आमचाच राहिला; थांबली म्हणूनच आपण वाचलो, असं सरपंचांनीच पंचायतीत सांगितलं. बाबांनी दुसऱ्याच दिवसापासून ठरवून टाकलं, पिंपळापर्यंत मोटर, गावावरून बांबू, पुढे पुन्हा मोटर. कवडूनं एकदा येऊन बाबांकडून गावावरची वाट शिकून घेतली. घाट त्याचा गेला होता, पण बापाच्या घरावरून जायचं होतं. दोघं एका नावेत बसून भांडत भांडत जुनं गाव मोजत होते, ते दृश्य बघायला मी किनाऱ्यावर शेंगा घेऊन बसले होते.

आता बाबा नाहीत. घाटापलीकडे पूल झाला आहे. माझ्या तीन नावा आहेत, तिन्हींना मोटरी. भंडाऱ्याहून, नागपूरहून लोक येतात, केशरी जाकिटं घालतात आणि मोबाइल धरून उभे राहतात. मी जुन्या गावावर नाव बांबूनं चालवते आणि घरांची नावं घेते, तर त्यांना वाटतं हा कार्यक्रम आहे. असू द्या. मला टाळ्या चालतात.

मायच्या शेवटच्या आजारपणात मी तिचे पाय चेपत बसलेली असताना ती एकदम हसायला लागली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "मोटर मीच बंद करत होती ना वं."

मी पाय चेपायची थांबले.

"देवळावर आलं का मी बटण दाबो. पदर सावराच्या निमित्तानं. कोणाले दिसनार?" ती म्हणाली. "मले वाटे, मोटर थांबली का हे उभे राहतीन, बांबू घेतीन, नावं घेतीन. आपलं घर आलं म्हनतीन. अन् हे येऊन बसत प्लग पुसत. दरवेळी प्लग. मी पुन्हा बंद करो, हे पुन्हा प्लग." ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "सांगनार होती. मंग लोक घाबरले, तं सांगाले लाज वाटली. अन् मंग मी जवाहरनगरले गेली."

मीही हसले. हसता हसता थांबले. "पण माय, ज्या दिवशी त्रिशूळ लागला, त्या दिवशी तू जवाहरनगरला होतीस."

"हो ना. तुझ्या मामीले मेथीचे लाडू करून राहिली होती."

"मग बटण कोणी दाबलं?"

माय माझ्याकडे बघत राहिली. तिचं हसणं चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, पण त्याच्या मागून ती निघून गेली होती. "मले तं इतके दिवस वाटे," ती हळूच म्हणाली, "का तू दाबलं."

मी दोन्ही हात वर करून तिला दाखवले, जसे त्या दिवशी होते तसे. एक दांड्यावर. एक फळीवर. पत्रा तडतडला. या वेळी कोण आहे म्हणून आम्ही दोघींनीही विचारलं नाही.

आता मी पिंपळाच्या बरीच अलीकडे बटण दाबते. पाणी कितीही असो, वेळ कितीही असो. आपल्या आधी दुसऱ्या कोणी ते दाबू नये, म्हणून.